नाचताना शरीराची ठेवण बरोबर आहे का? घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्तीची माहिती

कथक असो, भरतनाट्यम असो की लावणी, क्लासमध्ये सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी सूचना एकच: "सरळ उभी राहा." पण सरळ म्हणजे नेमकं कसं, हे मोजून क्वचितच सांगितलं जातं. मग विद्यार्थिनी छाती पुढे काढते, पोट आत ओढते, गुडघे मागे ढकलते आणि ताठ होते. ताठ होणे आणि सरळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताठ शरीर थोड्याच वेळात दमते. सरळ शरीरात वजन हाडांवरून थेट जमिनीत उतरते आणि स्नायू नाचायला मोकळे राहतात.

बेळगाव, निपाणी, पणजी, इंदूर, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणी राहून मिरजेच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्य परीक्षा देणारे विद्यार्थी बरेच आहेत. छोट्या गावांत गुरू आठवड्यातून एक-दोनदाच भेटतात. बाकीचे दिवस रियाज घरी, एकट्याने. चुकीच्या ठेवणीत केलेला रियाजही रियाजच असतो. त्याने चूक पक्की होते. परीक्षा किंवा अरंगेत्रम जवळ आलं, सराव वाढला, की गुडघा बोलायला लागतो. म्हणून ठेवण स्वतः तपासता येणं ही चैन नाही, गरज आहे. त्यासाठी दोरा, टिकल्या, मोबाइल आणि एक मोकळी भिंत एवढं पुरतं.

ठेवण म्हणजे काय?

बाजूने पाहिलं तर कान, खांद्याचं टोक, खुब्याचं हाड, गुडघ्याचा मध्य (जरासा पुढचा भाग) आणि घोट्याच्या थोडं पुढे, हे सगळं साधारण एका उभ्या रेषेत यायला हवं. समोरून पाहिलं तर दोन्ही खांदे एका उंचीवर, कमरेची दोन्ही हाडं एका उंचीवर आणि गुडघे पावलांच्या दिशेला. पाठीच्या कण्याला मानेत, पाठीत आणि कमरेत नैसर्गिक बाक असतात. ते बाक काढून टाकायचे नसतात, एकावर एक तोलून ठेवायचे असतात.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. नाट्यशास्त्रात 'सौष्ठव' सांगितलं आहे: कंबर आणि कान एका रेषेत, कोपर, खांदे आणि डोकं समतोल, छाती उचललेली. भरतनाट्यमचे शिक्षक 'अंगशुद्धम्' म्हणतात तेही याच अर्थाने.

प्रत्येक नृत्याचा आपला आकार असतो, हे मात्र विसरायचं नाही. कथकमध्ये पाय सरळ आणि अंग उभ्या रेषेत. भरतनाट्यममध्ये अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक. ओडिसीत चौक आणि त्रिभंगी. त्रिभंगीत मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी मुद्दाम बाक दिला जातो. तो दोष नव्हे. लावणीत कंबर मुद्दाम हलते, तोही दोष नव्हे. मुद्दाम केलेला बाक हवा तेव्हा घेता येतो आणि हवा तेव्हा सोडता येतो. नकळत आलेला बाक प्रत्येक मुद्रेत, प्रत्येक तुकड्यात तसाच दिसत राहतो. तपासायचा तो हा दुसरा.

तंजावर ते वडोदरा: अरैमंडीचा प्रवास

खालच्या तपासणीत अरैमंडीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, कारण ठेवणीची सर्वांत कडक परीक्षा तिथे होते. या शैलीचा मराठी माणसाशी जुना संबंध आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. अडवूंची पायरी-पायरीने मांडणी आणि आजच्या कार्यक्रमाचा क्रम यांचं श्रेय या 'तंजावर चौघां'ना दिलं जातं. पुढे १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई (चिमणाबाई पहिल्या) यांचा विवाह सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्याशी झाला आणि त्यांच्यासोबत तंजावरचं नर्तकींचं पथक वडोदऱ्याला आलं. आज वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यम आणि कथकचं पदवी शिक्षण मिळतं.

'मला तर सरळच वाटतं' हा पुरावा का चालत नाही

शरीर कुठे आहे हे मेंदूला स्नायू, सांधे आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेकडून कळतं. पण मेंदू सवयीलाच 'सरळ' समजतो. वर्षानुवर्षे उजव्या खांद्यावर दप्तर घेणाऱ्या मुलीचे खांदे एका पातळीत आणले, तर तिला उलट वाकडं झाल्यासारखं वाटतं. म्हणून दुरुस्तीच्या पहिल्या काही आठवड्यांत बरोबर ठेवण चुकीची वाटणार, हे आधीच गृहीत धरायचं.

आरसाही अर्धाच कामाचा. समोरची बाजू दिसते. बाजूची रेषा पाहायला मान वळवावी लागते आणि मान वळली की खांदा, कंबर सगळं हलतं. शिवाय आरशासमोर प्रत्येक जण नकळत स्वतःला नीट करून घेतो. मोबाइलचा फोटो आणि व्हिडिओ तसा लिहाज ठेवत नाही.

तयारी

१. अंगाला लागून बसणारे कपडे. ओढणी, सैल कुडता नको. केस वर बांधलेले, कान दिसले पाहिजेत.

२. ओळंबा. गवंड्याकडे असतो तसा. नसेल तर जाड दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून दाराच्या चौकटीला टांगायचा.

३. पाच टिकल्या. एक कानाच्या पाळीजवळ, एक खांद्याच्या टोकावर, एक खुब्यावर (पाय आत-बाहेर फिरवल्यावर मांडीच्या वरच्या भागात हाताखाली फिरणारं हाड), एक गुडघ्याच्या बाजूला, एक घोट्यावर.

४. मोबाइल कमरेच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर अंतरावर, सरळ उभा ठेवलेला. मोबाइल कलला तर फोटोतली रेषाही कलते.

५. कंपासपेटीतला कोनमापक, जुना पेपर आणि एक वही.

तपासणीआधी अंग गरम करायला पाच मिनिटं चालायचं. रियाजानंतर दमलेल्या अंगाने तपासलं तर वेगळं चित्र दिसतं. एकदा ताजं असताना आणि एकदा रियाजानंतर अशी दोन्ही वेळा तपासणी केली, तर थकल्यावर आधी काय कोसळतं ते कळतं.

सात तपासण्या

पहिली: ओळंबा, बाजूने. जागच्या जागी चार पावलं टाकायची, डोळे मिटायचे, सहज उभं राहायचं. ओळंब्याचं टोक घोट्याच्या किंचित पुढे येईल असं उभं राहून दुसऱ्याने फोटो काढायचा. मग टिकल्या दोऱ्याच्या पुढे आहेत की मागे ते पाहायचं. कान पुढे गेला असेल तर मान पुढे आली आहे. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं; ते रेषेबाहेर गेलं की मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभर ते ओढून धरावं लागतं. गुडघ्याची टिकली दोऱ्याच्या बरीच मागे असेल तर गुडघा मागे ढकलण्याची सवय आहे. कथक करणाऱ्यांनी याकडे खास लक्ष द्यावं, कारण सरळ पायाच्या नावाखाली ही सवय सहज लागते.

दुसरी: समोरून. दोन्ही खांदे, कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणारी दोन टोकदार हाडं आणि गुडघ्याच्या वाट्या एका पातळीत आहेत का? हात शरीरापासून सारख्या अंतरावर लटकतात का? थोडा फरक बहुतेक सगळ्यांत असतो. फोटोत सहज डोळ्यात भरणारा फरक वहीत लिहायचा.

तिसरी: भिंत. टाचा भिंतीपासून सुमारे ५ सेंटिमीटर पुढे. नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला. कमरेमागून हाताचा पंजा जेमतेम सरकत असेल तर ठीक. मूठ आरपार जात असेल तर कंबर पुढे कलली आहे. पंजाही शिरत नसेल तर कमरेचा बाक सपाट झाला आहे. हनुवटी वर न उचलता डोकं भिंतीला टेकत नसेल तर पाठीचा वरचा भाग गोल झालेला असतो.

चौथी: पाऊल. तळवा ओला करून शहाबादी फरशीवर किंवा पेपरवर उभं राहायचं. आतल्या बाजूला कमानीची रिकामी जागा दिसली पाहिजे. सबंध तळवा उमटला तर पाऊल आत कोसळतं आहे. वजन तीन ठिकाणी वाटलं गेलं पाहिजे: अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेवर.

पाचवी: एका पायावर ३० सेकंद. हात कमरेवर, दुसरा पाय किंचित उचललेला, व्हिडिओ समोरून. उचललेल्या पायाकडची कंबर खाली पडत असेल तर ज्या पायावर उभं आहे त्या बाजूच्या नितंबाचा बाजूचा स्नायू कमी पडतो आहे. दोन्ही पायांची तुलना करायची.

सहावी: पाय किती बाहेर वळतो. ही सर्वांत महत्त्वाची. पालथं झोपायचं, एक गुडघा काटकोनात वाकवायचा, नडगी सरळ छताकडे. आता कंबर जमिनीवरून न उचलता पाऊल हळूच आतल्या बाजूला, दुसऱ्या पायावरून पलीकडे पडू द्यायचं. पायांच्या दिशेने फोटो काढून उभ्या रेषेपासून नडगी किती अंश कलली ते मोजायचं. मांडी खुब्यातून बाहेर इतकीच वळते. बहुतेकांना हे माप ४० ते ५० अंशांच्या आसपास मिळतं. नंतर पेपरवर टाचा जुळवून, गुडघे सरळ ठेवून, नाचताना वळवतात तितकी पावलं बाहेर वळवायची आणि पावलांची बाह्यरेषा पेन्सिलने काढायची. टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत रेघ ओढून दोन्ही पावलांमधला कोन मोजायचा.

आता हिशेब. दोन्ही खुबे मिळून ९० अंश देत असतील आणि पेपरवर १५० आले, तर वरचे ६० अंश कुठून आले? थोडा वाटा नडगीच्या हाडाच्या जन्मजात पिळाचा असतो, पण उरलेला गुडघा पिळून आणि पाऊल आत कोसळवून उसना आणलेला असतो. हे उसनं गुडघा फेडतो.

सातवी: नाचताना. भरतनाट्यमसाठी अरैमंडीत समोरून आणि बाजूने प्रत्येकी एक मिनिट तट्टडवू. समोरून पाहताना गुडघा दुसऱ्या बोटाच्या दिशेला आहे की आत येतो? बाजूने पाठ उभी आहे की नितंब मागे आणि छाती पुढे? कथकसाठी एक मिनिट तत्कार: डोकं वरखाली होतं का, कंबर डावी-उजवी डुलते का? चक्करसाठी खडूने फुली काढून दहा चक्कर. शेवटी फुलीपासून किती आणि कुठल्या दिशेला सरकलो ते पाहायचं. दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर अक्ष त्या बाजूला कलतो. लावणीसाठी कंबर हलवताना वाक खुब्यातून येतो की फक्त कमरेच्या मणक्यातून, हे बाजूच्या व्हिडिओत दिसतं.

दिसतं एकीकडे, कारण दुसरीकडे

ठेवणीतला दोष जिथे दिसतो तिथेच दुरुस्त करायला जाणं ही नेहमीची चूक. खाली सर्वसाधारण जोड्या दिल्या आहेत.

कंबर पुढे कललेली: मांडीच्या पुढचे आणि खुब्याच्या पुढचे स्नायू आखडलेले, पोट आणि नितंब सैल. तासन्‌तास बाकावर, खुर्चीवर बसणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. "पोट आत घे" या सूचनेने हे सुटत नाही, फक्त श्वास अडकतो.

अरैमंडीत नितंब मागे: खुबा पुरेसा वळत नाही, पोटरी आखडलेली असते, तरीही खूप खाली बसायचा आग्रह असतो.

गुडघे आत येणं: बाजूचे नितंब-स्नायू कमजोर किंवा पावलाची कमान कोसळलेली. बऱ्याचदा दोन्ही.

खांदे वर चढणं: हात छातीच्या उंचीवर धरताना पाठीच्या स्नायूंऐवजी मानेने उचलणं आणि श्वास रोखणं.

मान पुढे: मोबाइल, अभ्यासाची वाकलेली बैठक आणि नाचताना पायाकडे पाहण्याची सवय.

बरगड्या पुढे आलेल्या: "छाती वर" ही सूचना चुकीच्या जागी लागू झालेली. छातीचं हाड उचलायचं असतं. खालच्या बरगड्या पुढे ढकलायच्या नसतात.

रोजचा वीस मिनिटांचा पाठ

हे व्यायाम रियाजाच्या आधी किंवा वेगळ्या वेळी करायचे. दुखलं तर थांबायचं. स्नायू ताणल्याची जाणीव चालेल. सांध्यात टोचणं चालणार नाही.

१. विसावा, २ मिनिटं. उताणं झोपून गुडघे वर, पावलं जमिनीवर. कंबर, मान सैल. श्वास बरगड्यांच्या बाजूला जाऊ द्यायचा. शरीराच्या ठेवणीवर अमेरिकेत काम करणाऱ्या मेबल टॉड यांच्या पुस्तकापासून (१९३७) नृत्यशिक्षणात या विसाव्याला मोठं स्थान मिळालं. आळस वाटेल, पण सवयीचा ताण सोडल्याशिवाय नवी ठेवण बसत नाही.

२. कमरेचा मध्य शोधणं, १० वेळा. त्याच स्थितीत कंबर जमिनीला टेकवायची, मग उचलायची. दोन्हींच्या मधोमध थांबायचं. तीच उभं राहतानाची जागा.

३. पूल, १० वेळा, दोन फेऱ्या. नितंब उचलून ५ सेकंद. बरगड्या वर ढकलायच्या नाहीत.

४. शिंपला, प्रत्येक बाजूला १२ वेळा. कुशीवर, गुडघे वाकवून, टाचा जुळलेल्या. कंबर मागे न लवंडता वरचा गुडघा उघडायचा. पाय बाहेर वळवण्याची खरी ताकद इथून येते.

५. खुब्याच्या पुढचा ताण, प्रत्येक बाजूला ३० सेकंद. एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल पुढे. माकडहाड खाली खेचायचं आणि मगच थोडं पुढे सरकायचं.

६. पाठ उघडणं, १ मिनिट. गुंडाळलेला टॉवेल खांद्यांच्या पात्यांखाली आडवा ठेवून झोपायचं. नंतर भिंतीला पाठ लावून हात १० वेळा वर-खाली सरकवायचे, खांदे कानाकडे न चढवता.

७. पावलाची कमान, प्रत्येकी १० वेळा. बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढायचं, ५ सेकंद धरायचं.

८. टाचा उचलणं, १२ वेळा. दोन टाचांमध्ये टेनिसचा चेंडू धरून चढायचं-उतरायचं. चेंडू पडला तर पाऊल बाहेर कललं.

९. एका पायावर उभं राहणं, ३० सेकंद. दात घासताना केलं तरी चालतं.

चार आठवड्यांनी पुन्हा तीच तपासणी, त्याच जागी, त्याच अंतरावरून. दोन फोटो शेजारी ठेवून तुलना. रोज फोटो काढून काही कळत नाही, मन मात्र खट्टू होतं.

व्यायामातून नाचात कसं आणायचं

व्यायामात सुधारलेली ठेवण ठेका सुरू झाला की पळून जाते. म्हणून लय खाली आणायची. पहिला आठवडा विलंबित, ठेवण टिकली तर मध्य, मग द्रुत. ज्या लयीत व्हिडिओमध्ये ठेवण मोडते, त्याच्या एक पायरी खालच्या लयीत रियाज करायचा.

अरैमंडीचा नियम सोपा: गुडघा दुसऱ्या बोटावर आणि पाठ उभी, या दोन्ही गोष्टी जिथपर्यंत टिकतात तितकंच खाली बसायचं. त्याखालची प्रत्येक इंच खोली गुडघ्याच्या खात्यातून काढलेली असते. "अजून बस, अजून बस" हा आग्रह क्लासमध्येही असतो, स्पर्धेतही असतो. पण कमी खोल, शुद्ध बैठक सहा महिन्यांत हळूहळू खाली जाते. जबरदस्तीची खोल बैठक सहा महिन्यांत दवाखान्यात नेते. पावलांचा कोनही सहाव्या तपासणीत खुब्याने दिला तितकाच ठेवायचा, वाटलं तर किंचित जास्त.

गुरूंना हे कसं सांगायचं, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. त्यांच्या शिकवण्यावर बोट ठेवायची गरज नाही. "ताई, माझा गुडघा आत येतोय, व्हिडिओ पाहता का? थोडे दिवस कमी बसून करू का?" असं फोटो दाखवून विचारलं, तर जाणत्या गुरू ऐकतात. दुखत असूनही न सांगणं म्हणजे आदर नव्हे.

एका वेळी एकच सूचना मनात ठेवायची. "खांदे खाली, पोट आत, हनुवटी, गुडघे, पावलं" असं सगळं एकदम आठवायला गेलं की चेहऱ्यावरचा भाव जातो. आठवडाभर फक्त "डोकं वर तरंगतंय" एवढंच, पुढच्या आठवड्यात "गुडघा बोटाकडे". तेवढं पुरतं.

फरशी, घुंगरू आणि जागा

सिमेंटवर बसवलेली शहाबादी किंवा टाइल्सची फरशी पायाचा आघात जराही झेलत नाही. अनवाणी पायाने आपटलेला प्रत्येक बोल परत घोट्यात, नडगीत, कमरेत येतो. लाकडी फळ्यांचा मंच मिळाला तर उत्तम. नसेल तर उड्या आणि जोराची तत्कार मोजूनच करायची आणि बाकी रियाज हलक्या पायाने. सतरंजी सरकते, ती नको. फार मऊ गादीवर चक्कर घेतले तर पाऊल अडकतं आणि गुडघा पिळला जातो, तेही नको.

घुंगरू बांधले की घोट्यावर वजन वाढतं. नव्या मुलींनी ठेवण बसेपर्यंत बिनघुंगरांचा रियाज जास्त ठेवावा. तपासणीचा व्हिडिओ मात्र एकदा घुंगरांशिवाय आणि एकदा बांधून काढावा, फरक दिसतो.

वाढत्या वयातली मुलं

साधारण ११ ते १५ या वयात उंची झपाट्याने वाढते. हाडं लांब होतात, स्नायू मागे पडतात, म्हणून काल सहज होणारी बैठक आज होत नाही. मुलगी आळशी झाली असं समजून पालक ओरडतात. त्या काही महिन्यांत ताण देऊन खोली वाढवायची नाही. या वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखणं, दाबल्यावर कळ येणं हेही आढळतं. अशा वेळी उड्या आणि पूर्ण बैठक कमी करून डॉक्टरांना दाखवावं.

चाळिशीनंतर नाच शिकायला सुरुवात करणाऱ्यांनीही सहावी तपासणी आधी करावी. खुब्याच्या हाडाचा आकार या वयात बदलत नाही. ताकद आणि तोल मात्र नक्की वाढतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं

घरची तपासणी सवयीचे दोष शोधण्यासाठी आहे, आजार ओळखण्यासाठी नाही. पुढीलपैकी काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावं:

सांध्याला सूज येणं, गुडघा अडकणं किंवा एकदम सुटल्यासारखा होणं.
विश्रांती घेऊनही दोन आठवडे न थांबणारं दुखणं, किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं.
पायात मुंग्या, बधिरपणा, कमरेतून पायात उतरणारी कळ.
नडगीवर किंवा पावलावर एकाच बिंदूत दुखणं, जे नाचताना वाढत जातं.
कमरेतून पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसणं. हा कण्याचा पीळ असू शकतो आणि वाढत्या वयात लवकर दाखवलेला बरा.

डॉक्टरांकडे जाताना वही आणि व्हिडिओ सोबत न्यावेत. "गुडघा दुखतो" यापेक्षा "उजवा गुडघा, अरैमंडीत, दहा मिनिटांनंतर, आतल्या बाजूला" या माहितीचा त्यांना जास्त उपयोग होतो.

वहीत काय लिहायचं

तारीख. सात तपासण्यांचे निकाल, डावा आणि उजवा वेगळा. रियाजाची मिनिटं. कुठे, कधी दुखलं. या महिन्याची एकच सूचना. दुकानाच्या खतावणीत जसं महिन्याअखेरीस शिल्लक दिसते, तसं या वहीत चार-सहा महिन्यांनी दिसतं की रियाजाने शरीराला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं. घेणं जास्त दिसलं, तर लय आणि खोली दोन्ही एक पायरी खाली आणायची आणि तिथून पुन्हा चढायचं.